कट्यार घेऊन नदीकाठानं

आमच्या घराण्यात नवरा बोहल्यावर उभा राहतो तेव्हा त्याच्या हातात कट्यार पाहिजे, आणि तिच्या टोकाला लिंबू. पणजोबा इकडे कानडी मुलखात महाराजांच्या फौजेत होते. फौज गेली, घोडे गेले, आम्ही पोरं देवराज मोहल्ल्यात शिंप्याच्या दुकानात काज-बटण करायला लागलो, पण कट्यार राहिली. ती काकांच्या देव्हाऱ्यात असते. दसऱ्याला काका तिला हळद-कुंकू वाहतात आणि आम्ही सगळे लांबून हात जोडतो.

धाकट्या भावाचं लग्न ठरलं ते सोसल्याच्या बाजूला, कावेरीकाठच्या एका गावात. घरातली सगळी मंडळी आदल्या दिवशीच गेली. मला दुकानातून सुट्टी नव्हती, म्हणून मी आणि बायको लग्नाच्या दिवशी सकाळी निघणार होतो. तेव्हा भाऊच म्हणाला, "काका, कट्यार अण्णाला आणू द्या. तो थोरला आहे."

आई म्हणाली, "अय्यो, त्याच्या हातात? तो नारळ आणायला गेला तर करवंटी घेऊन येतो."

पण भाऊ हटला नाही. मला घरात कुणी जोखमीचं काम सांगितलं, ती ही पहिलीच खेप. दुपारच्या मुहूर्ताआधी कट्यार त्याच्या हातात द्यायची, बस्स. रात्रभर उशाशी घेऊन झोपलो. बायको म्हणाली, "माझ्या उशाशी असं कधी बसला नाहीत."

सकाळी बसमध्ये बसलो तर पाऊस. वैशाखात एखादी सर येते, जाते. ही यायला आली ती जायचं विसरली. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यावर चिंचेचं झाड आडवं पडलेलं. कंडक्टर म्हणाला, झाड हलवेपर्यंत बस हलणार नाही. लोक सुम्ने बसून राहिले, म्हणजे काही न करता. मला ते कुठलं जमायला!

"चल उतर," मी बायकोला म्हणालो. "गाव नदीकाठी आहे. काठानं चालत गेलं की येणारच."

"अहो, पूल ओलांडायचा नाही का?"

"पूल बससाठी असतो," मी म्हणालो. "आपले पूर्वज या काठानं घोड्यावरून गेलेत."

"मग त्यांना विचारून घ्या एकदा."

विचारलं असतं तर बरं झालं असतं. गाव नदीकाठी आहे एवढं मला पाठ होतं. नदीला काठ दोन असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा मी तिसरीत सोडली. दुसरा काठ चौथीत शिकवत असतील.

चाललो. एका बाजूला भाताची खाचरं, एका बाजूला गढूळ नदी, आणि मधे जो बांध होता तो चिखल होऊन आमच्या चपलांना लागलेला. माझी एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली, दुसरी मी रागानं नदीत फेकली. बायको म्हणाली, "आता चिखलात हात घालून पहिली काढा, म्हणजे जोडी फुटल्याचं समाधान पूर्ण होईल."

कट्यार मी म्यानासकट लाल फडक्यात गुंडाळून छातीशी धरली होती. फडकं दुकानातलं, फुकटचं. फुकटचा रंग पावसात किती टिकणार! माझा पांढरा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत लालभडक झाला, बाह्यांवरून लाल थेंब ठिबकायला लागले. मला पत्ताच नाही. पुढे एक म्हातारा म्हशी चारत होता. वाट विचारावी म्हणून मी हात वर करून पळत त्याच्याकडे गेलो. कट्यार त्याच हातात होती. म्हातारा "अय्यय्यप्पा!" करून असा पळाला की म्हशीसुद्धा मान वळवून बघत राहिल्या. त्या वाटेत भेटलेला तो एकच माणूस. मग म्हशींना विचारायचं राहिलं.

बऱ्याच वेळानं वाजंत्री ऐकू आली. नागस्वर, ढोल, सगळं. मी बायकोला म्हणालो, "बघ! बोललो होतो की नाही?"

नदी वळली तिथं आम्ही पण वळलो आणि समोर मांडव दिसला. हिरवा मांडव, केळीचे खांब, माझी आईसुद्धा दिसली. मधे कावेरी.

बायको खाली बसून पायाचा चिखल खरवडायला लागली. ती अशी कामाला लागते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

पलीकडच्या काठावर हरिगोल होता, म्हणजे आमच्याकडची ती टोपलीसारखी गोल नाव. नावाडी तो पालथा घालून त्याच्याखाली पावसापासून बसला होता. मी ओरडलो. तो आतूनच ओरडला, "मळे निल्लली, स्वामी!" पाऊस थांबू दे म्हणे. मी कट्यार वर करून नाचवली. मांडवातल्या बायकांनी पोरांना आत घेतलं. मग भावानं मला ओळखलं. मुंडावळ्या बाजूला करून तो काठापर्यंत आला, आणि दोन हात तोंडाशी धरून म्हणाला, "अण्णा, तिथंच थांब! पाण्यात उतरू नको!"

मी उतरणारच होतो असं नाही. मला पोहता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण त्यानं तसं म्हटलं त्यामुळे चार लोकांत माझी थोडी अब्रू राहिली.

भटजी काही थांबले नाहीत. अंतरपाट धरला, वाजंत्री जोरात झाली, आणि सख्ख्या भावाचं लग्न मी नदीपलीकडून बघितलं. त्याच्या हातात काहीतरी चमकत होतं. ती आचाऱ्याची सुरी होती, कोबी कापायची, हे नंतर कळलं. आम्हांजवळ अक्षता नव्हत्या. बायकोनं पिशवीतले चुरमुरे काढले, आम्ही दोघांनी ते नदीत टाकले.

पाऊस थांबल्यावर हरिगोल आला. मी मांडवात पाऊल टाकलं तर आई म्हणाली, "मुहूर्त मागच्या आठवड्यात काढला असता तरी हा आजच आला असता." काकांनी फक्त हात पुढे केला. फोटोवाला उभाच होता. निदान फोटोत तरी कट्यार पाहिजे.

भावानं मूठ धरून ओढली. हलेना. परत ओढली. मग म्यान मी धरलं, मूठ त्यानं. मग नवरीचे मामा आले, तालमीतले होते, त्यांनी पाय रोवून ओढली. मुठीपाशी म्यानातून तांबडी भुकटी सांडली, पिठाच्या गिरणीसारखी. पातं आत म्यानाशी एक होऊन बसलं होतं. मुहूर्तावर मी वेळेत पोचलो असतो तर हे सगळं अंतरपाटापाशी, भर वऱ्हाडासमोर झालं असतं.

काका ओरडले, "भिजवली! गाढवानं पावसात नेऊन गंजवली!"

बायको माझ्या कानाशी म्हणाली, "एका सकाळीत? इतका गंज?"

मी काकांकडे बघितलं. दर दसऱ्याला हळद-कुंकू वाहणारा तो हात सांडलेली भुकटी धोतराला पुसत होता. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत ती उपसून कुणी पाहिलीच नव्हती, ते त्यांना कळलं होतं, आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. माझ्या अंगावर तसाही पोटापर्यंत रंग होता. त्यात गंज कुणाला वेगळा दिसणार!

"होय काका," मी म्हणालो. "माझ्याच हातून भिजली."

सगळ्यांना बरं वाटलं. आईलासुद्धा, तिचं म्हणणं खरं ठरलं. फोटोत कट्यार म्यानातच आहे, आणि लिंबू म्यानाला दोऱ्यानं बांधलंय. तो दोरा मी बांधला, काज-बटणवाल्याची गाठ.

पंगतीत काका स्वतः वाढायला आले. माझ्या पानात दोन होळिग्या, म्हणजे पुरणपोळ्या, वर न मागता तूप. शेजारी बसलेला भाऊ म्हणाला, "काका, मला एकच?"

"तू काय केलंस?" काका म्हणाले, आणि पुढे गेले.