कॉइलला लावलेलं कुंकू

घरी टेस्ला कॉइल बनवणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात: याचा उपयोग काय? इतकी वर्षं झाली, मला अजून धड उत्तर देता आलेलं नाही. घरच्या घरी छोटी वीज पाडायचं यंत्र आहे, एवढंच मी सांगतो. खाली तांब्याच्या जाड नळीची वेटोळी, मधोमध उभा प्लास्टिकचा पाइप, त्यावर बारीक तारेचे शेकडो वेढे आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमचा एक पोकळ गोल, मोठ्या मेदूवड्यासारखा. बटण दाबलं की त्या वड्यातून जांभळ्या ठिणग्या हवेत झेपावतात आणि कडकड आवाज होतो. बस. त्यातून ना दळण दळून होतं, ना पाणी भरून होतं.

मी रायपूरजवळ उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये विजेची देखभाल बघतो. दिवसभर विजेशी झटून घरी आल्यावर पुन्हा तिच्याशीच खेळत बसणारा माणूस बायकोच्या दृष्टीनं थोडा कामातून गेलेला आहे. पण या नादापायी मला चार लोक ओळखतात. कुठले कुठले हौशी पोट्टे फोन करतात आणि मी त्यांना टिपा देतो. ट्रान्सफॉर्मर नवा शोधत बसू नका, जुन्या निऑन पाटीचा बघा. माझा सदर बाजारातल्या एका सराफानं पाटी बदलली तेव्हा मिळाला. तांब्याची नळी एसीवाल्याकडे मिळते, बारीक तार मोटर भरणाऱ्याकडे. कॉइलची अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडाल तर शेजाऱ्यांचे टीव्ही जातील आणि मग तुम्ही जाल. अंगणात वेगळी सळई ठोका. बंद केल्यावरही कपॅसिटरला लगेच हात लावू नका, त्यात वीज साठून असते. आणि रायपूरकरांसाठी खास टीप: आपल्याकडची काळी धूळ. उरल्याकडून वारा आला की गच्चीवरच्या चादरीवर बोट फिरवा, बोट काळं होतं. त्या धुळीत लोखंड असतं. ती वेढ्यांवर बसली की वीज वर जाण्याऐवजी वेढ्यांवरूनच सरपटत खाली येते आणि तार जाळते. म्हणून कॉइल झाकून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, बिघाड शोधताना भावनेत वाहून जायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि दोषी सापडेपर्यंत थांबायचं नाही.

ही शेवटची टीप मी मोठ्या रुबाबात द्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासरे आधीच गेले होते, बायको एकुलती एक. वर्ध्याला त्या एकट्या राहत होत्या आणि एकदा न्हाणीत पाय घसरून पडल्या, तर सकाळी दूधवाला येईपर्यंत तशाच पडून होत्या. हे कळल्यापासून वर्ध्याहून फोन आला की बायको तो उचलायच्या आधी घाबरायची. पण सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयाच्या घरी कायमचं राहायचं म्हणजे त्यांना मान खाली घालण्यासारखं वाटे. पुष्कळ विनवण्या केल्या तेव्हा कुठे म्हणाल्या, "दिवाळीलोक राहून पाहतो. नाही जमलं तर वर्ध्याले आपली खोली हायेच."

म्हणजे दिवाळीपर्यंत आमची परीक्षा होती. बायकोनं मला बजावलं होतं, "तिले परकं वाटलं ना, तर ती एका शब्दानं सांगणार नाही. सरळ थैली भरून निघून जाईल."

सुरुवातीला त्या खुर्चीच्या कडेवर बसायच्या. पूर्ण टेकून बसायच्याच नाहीत. फ्रीज उघडायच्या आधी आजूबाजूला बघायच्या. हे सुटलं ते माझ्या कॉइलमुळे, आणि म्हणूनच पुढचं सांगताना मला जास्त लाज वाटते.

पावसाळ्यात मी नवी, मोठी कॉइल बांधायला घेतली होती. वेढे घालताना एकानं पाइप फिरवायचा आणि दुसऱ्यानं तारेचं रीळ ताणून धरायचं, असं दोन माणसांचं काम असतं. तार सैल पडली की वेढ्यावर वेढा चढतो, आणि असा एक वेढा सगळं वाया घालवतो. बायकोनं या कामाला कधीच हात जोडले होते. एका संध्याकाळी सासूबाई आपणहून येऊन बसल्या आणि रीळ हातात घेतलं. हात अगदी स्थिर. मी पाइप फिरवताना गप्पा मारायचो, त्यांचं लक्ष तारेवरून हलायचं नाही. "थांबा जी जावईबापू, चढला वेढा. मागं घ्या." मी मागे घ्यायचो. एकदा विचारलं, "याचं काम काय हाय पण?"

"वीज पडते, आई."

"काहून? आभायातली कमी पडून राहिली काय?"

मी इतका हसलो की रीळ सुटलं आणि सगळी तार जमिनीवर. त्याही हसल्या. त्या पावसाळ्यात त्या खुर्चीला टेकून बसायला लागल्या. फ्रीज उघडताना आजूबाजूला बघणं बंद झालं. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी आपल्या सोयीनं लावून घेतले, त्यावरून बायकोशी भांडणही झालं, आणि बायको त्या भांडणानं खूश होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी कॉलनीतल्या लोकांना कॉइल बघायला बोलावलं. आदल्या दिवशी चाचणी घेतली होती, हातभर ठिणगी निघत होती. मी अंगणात टेबल मांडून ठेवलं, वर चादर घातली आणि सकाळीच मिलमधल्या पूजेला गेलो.

आमच्यात दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा होते, हे मला लहानपणापासून ठाऊक. सासूबाईंनी त्या दिवशी सगळ्यांची पूजा केली. विळी, कात्री, शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, बायकोचा लॅपटॉप. सगळ्यांना बोटभर हळदकुंकू आणि एकेक फूल. मग चादर उचलून त्या कॉइलकडे वळल्या असणार. तिची पूजा मात्र त्यांनी साग्रसंगीत केली. ओल्या फडक्यानं सगळे वेढे वरपासून खालपर्यंत पुसले, पाइपवर पाच बोटांनी ओल्या हळदकुंकवाच्या उभ्या रेघा ओढल्या, वरच्या वड्याला झेंडूचा हार घातला आणि चादर पुन्हा नीट पांघरली.

संध्याकाळी अंगण भरलं. शेजारपाजारचे, मिलमधले दोघे-तिघे, त्यांच्या बायका. सासूबाई आत सगळ्यांसाठी चहा टाकत होत्या. मी चादर ओढली. हार आणि कुंकू बघून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. हार तसाच ठेवून बटण दाबलं. हो, मीच. इतक्या लोकांना टिपा देणारा मी, लोक बघतायत या गुर्मीत वर घातलेला हार न काढता बटण दाबलं.

एक ठिणगी वर गेली. मग निळ्या रेघा वेढ्यांवरून खाली सरपटल्या, तडतड झाली, जळका वास आला आणि सगळं गप्प.

"क्या हुआ भैया?"

"कुछ नहीं, अभी होता है."

मी खालची जोडणी सरकवून पाहिली. ठिणगीची फट कमी-जास्त केली. अर्थिंगची तार घासली. लोक ताटकळले होते, कोणीतरी म्हणालं, "आज रावण नहीं जलेगा क्या?" हशा पिकला. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. टॉर्च घेऊन वेढे बघितले तर कुंकवाच्या एका रेघेखाली काळी चीर पडली होती. ओलं कुंकू, ओली धूळ, त्यातून वीज घसरली होती आणि तार जळाली होती. हारातलं एक फूल काळं पडलं होतं.

बिघाड सापडल्याचा तो आनंद मला चांगला आठवतो. मी हार उपसून काढला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणालो, "ये देखिए, ये रही गड़बड़. हमारी माताजी ने बिजली की मशीन को नहला-धुला के तिलक लगा दिया!"

लोक खो-खो हसले. शेजारच्या ताई म्हणाल्या, "हव, अम्मा ने तो काम कर दिया!" मला बरं वाटलं. हसं माझं व्हायचं ते दुसऱ्याचं झालं होतं. मग मी वळून मराठीत म्हणालो, आता आवाज चढलेला होता, "आई, जे कळत नाही त्याला हात कशाला लावायचा?"

त्या दारातच उभ्या होत्या. हातात कपांचा ट्रे. लोक हसत होते म्हणून त्याही हसल्या. ट्रे फिरवला, सगळ्यांना चहा दिला, कोणाला साखर कमी हवी तेही विचारलं. मला कप देताना म्हणाल्या, "मले माहीत नव्हतं जी."

मी तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर होतो. आजही कोणी विचारलं तर तेच निदान सांगेन. ते बरोबर होतं म्हणून मला कुठे तोंड लपवायलाही जागा नाही. मिलमध्ये आम्ही पूजा करतो तेव्हा पॅनेलच्या दारावर कुंकू लावतो, आत नाही, कारण नोकरीला लागलो तेव्हा एका फोरमननं आम्हाला ते हाताला धरून दाखवलं होतं. सासूबाईंना माझ्या यंत्राचं दार कुठे आहे हे कोणी दाखवलं होतं? आणि त्या वेढ्यांतला एकही वेढा असा नव्हता की जो त्यांच्या हातातून गेला नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर बायको एवढंच म्हणाली, "सकाळी तुम्ही एक शब्द सांगून गेले असते ना, तर तिनं चादरसुद्धा उचलली नसती. पण तुम्हाले तिले समजावून सांगायचं नव्हतंच. लोकांसमोर पकडायचं होतं." तिचं निदानही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. "आई, माझं चुकलं." त्या गडबडून उठूनच उभ्या राहिल्या. "तुमचं काय चुकलं जी? मशीन तुमची. घर तुमचं." मी आणखी काही बोलायला गेलो तर त्या पदर सावरत आत निघून गेल्या. जावई माफी मागतोय याचीच त्यांना लाज वाटली, आणि ती लाजही मीच दिली होती.

मग मी चलाखी केली. नवी तार आणली, पाइप घासून स्वच्छ केला आणि त्यांना रीळ धरायला बोलावलं. त्या लगेच आल्या. रीळ घेण्याआधी विचारलं, "हात लावू काय?" मी म्हणालो, "आई, असं काय विचारता!" पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच, "लावू काय?" काम त्या अचूक करत होत्या. पण एकदा वेढ्यावर वेढा चढला, तो त्यांना दिसला हे मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्या गप्प राहिल्या. मीच थांबलो आणि मागे घेतला.

आता डबे पूर्वीच्या जागी गेले आहेत. फ्रीज उघडण्याआधी विचारणं होतं. लोक आले की त्या आतल्या खोलीत बसतात.

दिवाळी आली तेव्हा मला खात्री होती की त्या थैली भरणार. भाऊबीज झाली तरी भरली नाही. बायकोनं भीत भीत विचारलं तर म्हणाल्या, "राहतो इथंच." बायको त्यांच्या गळ्यात पडून रडली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. मलाही वाटलं, सुटलो.

परवा दुपारी मी लवकर घरी आलो. सासूबाई आतल्या खोलीत पुलगावच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून जोरात बोलतात. बहिणीलाही आता नागपूरला लेकीकडे राहायला जावं लागणार आहे आणि ती घाबरली आहे, हे मला बायकोकडून कळलं होतं. सासूबाई तिला समजावत होत्या.

"काही भेव नाही व. आपला कप, आपलं ताट येगळं ठेवाचं. लोकं आले का आत बसाचं. आन् इचारल्याबिगर कशाले हात लावाचा नाही. डबे तर बिलकूल हालवाचे नाही. एवढं पाळलं का काही तरास नाही. जावई चांगले असतात."

पलीकडून बहिणीनं काहीतरी विचारलं.

"नाही माय, रागावत नाही," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. "मी आता चुकतच नाही."