सावकाश वाळणारं तेल

धक्क्यावरच्या शेडमध्ये होड्यांना तेल लावणाऱ्या त्या माणसाला आईवडिलांनी चांगलंसं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. लोक त्याला थांबराव म्हणत. गिऱ्हाईक होडी घेऊन आलं की हा लाकडावर तळहात फिरवून पहिला शब्द काढणार तो 'थांबा'. लाकूड ओलं आहे, थांबा. पहिला हात मुरलेला नाही, थांबा. एकाने वैतागून विचारलं होतं, "अहो, तुमचं लग्न तरी वेळेवर झालं का?" थांबरावने मान वर न करता सांगितलं, "नाही झालं. ती थांबली नाही."

वार्निशचं नाव काढलं तर तो गिऱ्हाइकाला बाहेरची वाट दाखवायचा. वार्निश वरून चकाकतं, उन्हाने तडकतं, आणि तड्यांतून शिरलेलं पाणी लाकूड आतून कुजवतं. तेल कसं, लाकडाच्या पोटात जातं. पण तेलातही त्याच्या लेखी दोन जाती होत्या. पातळ तयार तेल रात्रीतून वाळतं आणि हंगाम संपेपर्यंत उन्हापाण्याने उडून जातं. त्याला तो 'फोटोपुरतं तेल' म्हणायचा. कच्चं जवसाचं तेल मात्र सावकाश, खोल मुरतं. वाळायला कित्येक आठवडे घेतं, पण पुढची कित्येक वर्षं लाकडाची काळजी मिटते. हे सगळं तो इतक्या वेळा सांगे, की शेडमधल्या मांजरालाही पाठ झालं असावं.

सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते दादाने. थांबरावचा हा थोरला भाऊ, शिंपी. दुकान बंद केल्यावर त्याने एक मोडकी वल्ह्यांची होडी हौसेने घेतली आणि भावाच्या शेडमध्ये आणून टाकली. दर रविवारी तो इस्त्रीची पँट घालून यायचा आणि स्टुलावर बसून जुना रंग खरवडायचा. दरवर्षी विचारायचा, "यंदा उतरवायची का रे पाण्यात?" आणि थांबराव म्हणायचा, "थांब दादा, एवढी फळी बदलू." उभं आयुष्य लोकांच्या बाह्या आखूड-लांब करत बसलेला तो माणूस. त्याला एकदा स्वतःच्या होडीत बसून पाण्याच्या मधोमध जायचं होतं. एवढंच मागणं.

होडीचं सगळं काम झालं, फक्त तेल राहिलं, आणि त्याच सुमारास दादाचं जेवण सुटलं. तपासण्या झाल्या. वहिनीने थांबरावला स्वयंपाकघरात बोलावून नळ सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

"डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. ह्यांना सांगितलेलं नाही, भावोजी. तुम्हीही बोलू नका. पण होडी तेवढी लवकर उतरवा."

थांबराव शेडमध्ये येऊन तेलाच्या डब्यांच्या फळीपुढे उभा राहिला. पातळ तेलाचा डबा एरवी मागे कोपऱ्यात धूळ खात असे. आज तो पुढे होता, पुसलेला. कुणा गिऱ्हाइकाने हात लावला असेल, असं त्याला वाटलं. त्याने डबा उचलला आणि त्याचा हात तिथेच थबकला. दादाला त्याची सगळी मतं ठाऊक. होडीला फोटोपुरतं तेल लागलेलं दिसलं, की दादा काय ते समजणार. पुढच्या वर्षीचा विचारच कुणी केलेला नाही, हे त्याला तोंडाने सांगायची गरज उरणार नाही. थांबरावला ते जमेना. त्याने डबा मागे सारला आणि जवसाचं तेल काढलं.

त्याचा हात आज नेहमीसारखा चालत नव्हता. तेल सढळ पडलं. वरचं जास्तीचं तेल वेळेवर पुसून घ्यायचं असतं, हे तो जगाला शिकवायचा. पण तेवढ्यात वहिनीचा फोन आला, दादाला चक्कर आली म्हणून, आणि तो तसाच धावला. परत आला तोवर होडी चिकट झाली होती. त्यातच हवा दमट. त्याने दारं उघडी टाकली, घरचा पंखा आणून लावला, टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून पाहिलं. रोज सकाळी तो कडेवर बोट टेकवायचा आणि बोट चिकटायचं. इतकी वर्षं ज्याच्यापुढे गिऱ्हाइकांनी हात टेकले, त्याने आता तेलापुढे टेकले.

एका सकाळी दादाला जरा बरं वाटलं. वहिनीच्या खांद्याचा आधार घेत तो शेडमध्ये आला. पँट इस्त्रीची, कमरेला दोन ठिकाणी चिमटून शिवलेली. त्याने होडीच्या कडेवर हात ठेवला, उचलला आणि बोटं एकमेकांवर चोळली.

"उतरवायची आज?"

आहे तशी लोटता आली असती. डाग पडले असते, पडू दे. पण आजच उतरवू म्हणणं म्हणजे उद्याचं काही खरं नाही म्हणणं, आणि थांबरावच्या तोंडाला एकच शब्द सवयीचा.

"थांब दादा, थोडं वाळू दे. घाई काय आहे?"

वहिनीने मान फिरवली. दादा त्याच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"पातळ तेलाचा डबा मी पुढे काढून ठेवला होता," तो म्हणाला. "शेवटच्या रविवारी आलो होतो तेव्हा. दिसला नाही का तुला?"

"दिसला."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. थांबरावने घाईघाईने होडीखालचे ठोकळे काढायला घेतले. "चल, आत्ताच जाऊ. तू बस, मी लोटतो." पण एवढं चालून आणि उभं राहून दादाचं अवसान संपलं होतं. तो स्टुलावर टेकला.

"आता नाही रे बसवायचं. घरी ने मला."

थांबरावने त्याला पाठुंगळी घेतलं. लहानपणी दादा त्याला असाच घ्यायचा. ओझं जाणवत नव्हतं, आणि त्याचंच त्याला रडू आलं. दादा पुन्हा शेडकडे आला नाही.

हवा पालटल्यावर तेल वाळलं. थांबराव म्हणायचा तसंच, आतपर्यंत. वहिनी दादाची कात्री त्याला द्यायला आली होती. होडीपाशी थांबून तिने कडेवरून तळहात फिरवला, उलटा करून पाहिला. तळहात कोरडा होता.

"वाळलं की हो, भावोजी," ती म्हणाली.