गुलाबाला वाळा म्हणाली म्हणून

कन्नौजच्या अत्तरवाल्यांच्या मोहल्ल्यात पोरं बोलायला लागायच्या आधी वास ओळखायला शिकतात. त्या मोहल्ल्यात ताहिराची अठरा वर्षांची निकहत गुलाबाच्या अत्तराचा फाया हुंगून वाळा म्हणाली आणि घरावर आभाळ कोसळलं.

ताहिरा विधवा. थोरले दीर मुस्तकीम यांच्या भट्टीवर कुप्या भरून तिनं लेक वाढवली होती. पावसाळ्यापासून पोरीची झोप उडाली होती. अन्नाला जळका वास येतो म्हणून ताट सरकवायची, खिडकीबाहेर माणसं आपल्यावर हसतात म्हणून रडायची. तेव्हा घरात कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. 'नखरे आहेत वयाचे' म्हणून सगळे मोकळे. गुलाब चुकला तेव्हा मात्र सगळी भावकी गोळा झाली. काय म्हणावं या लोकांना!

"आमच्या रक्ताची पोर गुलाब चुकेल?" मुस्तकीम म्हणाले. "हा वास निकहत घेतच नाही. तिच्यात शिरलाय तो घेतोय."

सुगंधाला जिन भुलतो, असं तिथं सगळेच मानतात. ताहिराही मानायची. म्हणून मांत्रिक आला तेव्हा ती गप्प बसली. त्यानं निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या आणि पोरीचं तोंड धुरावर दाबून धरलं. निकहत गुदमरली, हातपाय झाडू लागली.

"बघा, कसा तडफडतोय!" मांत्रिक खूश होऊन म्हणाला.

तडफडणार नाही तर काय? त्याच्याच नाकाखाली मिरच्या जाळायला हव्या होत्या मेल्याच्या! लेकीचे सुजलेले डोळे पाहून ताहिराचा जिनावरचा विश्वास उडाला आणि अंगाचा तिळपापड झाला. त्यातच मुस्तकीमनी फर्मावलं, जुम्याला हिला दर्ग्यात नेऊन साखळीनं बांधायचं, जिन उतरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताहिरा लेकीचा हात धरून बसथांब्याकडे निघाली. बाजाराच्या तोंडाशी दिरांनी गाठलंच.

"कुठं निघालीस?"

"कानपूरला. डोक्याच्या डॉक्टरकडे."

"हळू बोल, बाजार ऐकतोय!" त्यांनी आवाज उतरवला. "मला काय दिसत नाही होय, पोरीला आजार आहे ते? पण जिन म्हटलं की लोक दुवा देतात. वेड म्हटलं की माझ्या लेकीची, रुखसारची सोयरीक मोडेल. घराण्याचं नाक कापू नकोस."

म्हणजे यांना ठाऊक होतं! ठाऊक असून पोरीला मिरच्यांच्या धुरावर धरलं! दिरांसमोर कधी मान वर न केलेल्या ताहिरानं डोक्यावरचा पदर मागे सारला.

"ऐका हो सगळे!" भर बाजारात ती ओरडली. "माझ्या निकहतला आजार झालाय. जिनबिन काही नाही. डॉक्टरकडे नेतेय, आणि भाईजान, तुमचं नाक सांभाळा तुम्हीच!"

दुकानदार बघत राहिले. मुस्तकीम खाली मान घालून गल्लीत वळले.

बसमध्ये आईच्या कानाशी येऊन निकहतनं विचारलं, "अम्मी, म्हणजे माझ्या आत दुसरं कुणी नाही ना? मीच आहे?"

"तूच आहेस, बाळा," ताहिरा म्हणाली, आणि घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा रडली.