बहाव्याची तारीख

सोसायटीच्या फाटकाजवळचा बहावा ज्या दिवशी फुलायला लागतो, ती तारीख मी दरवर्षी ब्लॉगवर नोंदवते. मला उन्हाळा कॅलेंडरवरून नाही, त्याच्यावरून कळतो. आज सकाळी भाजी घेऊन परतले, तर तिथे नुसता बुंधा होता आणि भोवती ओला भुसा. शेजारी आमचे सेक्रेटरी देशमुख गाडी पुसत होते.

"तोडून घेतला, वहिनी. पाकळ्या काचेला चिकटायच्या हो. आणि तुमच्या ब्लॉगवर फोटो आहेतच की."

या शहरात आता ऋतूंनीही पार्किंग बघून यायचं.

घरी येऊन ब्लॉगवरची तारखांची यादी उघडली. यंदाच्या बहाव्यासमोर तारखेचा रकाना रिकामा होता. तिथे मी देशमुखांचं पूर्ण नाव लिहिलं.