दुसऱ्या चुलीपाशी

नेईमेन गावच्या खोंग घराण्याची सून सू-च्याओ. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या अंगाला वाफेचा वास आहे. सासरा चिन-फा मांडवातल्या जेवणावळींचा आचारी. भर रस्त्यात ताडपत्रीचा मांडव पडे, गोल मेजं लागत, चुली भणभणत, आणि दिवस कलताना तिथे पुन्हा नुसता रस्ता उरे. सुरुवातीला तिला त्या रिकाम्या रस्त्याची भीती वाटे. एवढं रांधलं ते गेलं कुठे? मग सवय झाली. ती बांबूचे कोंब चिरी, भांडी विसळी, आणि मोठ्या कढईपासून दोन हात लांब राही. कढई बाप्यांची, असा रिवाज होता. तो कुणी पाडला हे कुणी विचारलं नव्हतं.

चिन-फाचा सगळा धंदा डोक्यात. कुणाकडे कधी, कुणाला खेकडा चालत नाही, कोणत्या गल्लीत ट्रक वळत नाही, सगळं तोंडपाठ. गेल्या हिवाळ्यात तो अंगणात पडला. हाताला कंप राहिला, बाकी बरा आहे असं डॉक्टर म्हणाले. पण पुढच्याच एका जेवणाला मासे सांगायचे राहून गेले. सू-च्याओच्या नवऱ्याने, वेन-श्योंगने, ट्रक पिटाळत बंदरावरून आणले म्हणून निभावलं. मांडवामागे कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याची आच गेली. चिन-फाने ते ऐकलं. आणि त्याला ऐकताना सू-च्याओने पाहिलं.

म्हणून ती शेतकरी संघाच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला गेली. तिथल्या बाईंनी वेळापत्रकाचं तयार टेम्प्लेट दिलं. डावीकडे कामं, शेजारी करणाऱ्याचं नाव, वर तारखा, आणि काम जितके दिवस चालेल तितकी रंगीत पट्टी. एकच नाव एका दिवशी दोन जागी पडलं, की चौकट लाल होई. नमुन्यातली कामं पुसून आपली लिहा, पण सूत्रांच्या रकान्याला हात लावू नका, असं बाईंनी बजावलं होतं. सू-च्याओने पहिल्याच दिवशी हात लावला आणि सगळ्या पट्ट्या नाहीशा झाल्या. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवायची असते, हे ती तेव्हा शिकली.

भांडी घासणाऱ्या बायकांतली थोरली, आ-पी मावशी, जाता-येता टोमणा मारी, "आता सूपही त्या डबड्यातच उकळ, सूनबाई. लाकडं तरी वाचतील."

खरी अडचण निराळीच होती. टेम्प्लेटला आधी काम सुरू होण्याची तारीख लागे. ती विचारली की चिन-फा वैतागे. एकदा म्हणाला, "सुरुवात कुणाला ठाऊक असते, पोरी? पंगत कधी बसायची ते विचार."

तिने तक्ता उलटा केला. पंगतीचा दिवस आधी लिहायचा, मग मागे मागे जायचं. आदल्या दिवशी मांडव. त्याआधी डुकराच्या तंगड्या उकळायच्या. त्याच्याही आधी वाळले कोंब भिजत घालायचे. टेम्प्लेटने रविवार सुट्टी म्हणून करडे केले होते, ते तिने पुसले, कारण मुहूर्ताला रविवार कळत नाही. तारखेशेजारी पंचांगातली तिथी घातली. चिन-फा डोळे मिटून सांगे, ती लिही. सांगताना त्याचा हात मांडीवर शांत पडलेला असे.

अशाच एका दुपारी, अकराव्या महिन्यातल्या मोठ्या मुहूर्तावर चौकट लाल झाली. देवळामागच्या ल्यूंकडे मुलीचं लग्न, आणि त्याच दुपारी टेकडीपलीकडे एका आजीबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण. दोन्ही ठिकाणी चिन-फाने शब्द दिला होता. दोन्हीकडे कढईपाशी त्याचंच नाव.

त्याने डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. "लाल आहे. शुभ आहे," म्हणाला, आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला.

वेन-श्योंगचं म्हणणं, एकाला फोन करून नाही म्हणावं. तिला ते पटेना. दिलेला शब्द फिरवणाऱ्या आचाऱ्याच्या दारात पुन्हा कुणी येत नाही. आणि चूक सासऱ्यापुढे, आ-पांपुढे ठेवली तर ते कढईला पुन्हा हात लावणार नाहीत, हेही तिला दिसत होतं. काही दिवस ती तक्ता उघडून बघे आणि पुन्हा बंद करी. ती चौकट तिथेच असे, काही न बोलणाऱ्या पाहुण्यासारखी.

शेवटी चिन-फाच येऊन तिच्याशेजारी बसला.

"ती लाल चौकट काढ," तो म्हणाला.

"शुभ आहे म्हणालात ना, आ-पा?"

"तुला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून म्हणालो." त्याने त्या चौकटीवर बोट ठेवलं. "तुला कळलं होतं. तूही बोलली नाहीस."

तिने दोन्ही जेवणांच्या ओळी पडद्यावर आणल्या.

"एक माणूस दोन चुलींपाशी उभा राहत नाही. आजीबाईंकडे मी जातो, त्यांना मऊच लागतं, माझ्या हातून होईल. ल्यूंकडे तू."

"मी चिरायला जाईन. कढईपाशी कोण?"

"मी काय सांगतोय?"

"लोक काय म्हणतील?"

"आधी जेवतील, मग म्हणतील." तो जरासा हसला. "इतकी वर्षं दोन हात लांबून बघत होतीस. मला काय दिसत नव्हतं?"

सू-च्याओने त्याचं नाव पुसलं. त्या जागी स्वतःचं नाव लिहायला तिला वेळ लागला. वर्गात सरावासाठी लिहिलं होतं तेच, पण अक्षरं परक्या बाईची वाटली. एंटर दाबताच चौकट पांढरी झाली.

चिन-फा पुढे वाकला. "गेला का लाल?"

"गेला."

"अगदीच पांढरं दिसतंय," तो नाखुशीने म्हणाला. "लग्नघर आहे ते."

तिने ल्यूंची अख्खी ओळ निवडली, रंगांची पेटी उघडली आणि हाताने लाल भरला. मग कोंबांचं पोतं खाली उतरवायला उठली. मुहूर्त लांब होता. पण कोंब किती मऊ व्हायला हवेत, हे तिला आजच भिजवून, शिजवून बघायचं होतं, म्हातारा शेजारी बसून चाखत असताना.