मामंजींचे परके पाहुणे

माझ्या सासऱ्यांइतकी लांबलचक प्रार्थना करणारा माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि परक्या माणसांवर त्यांच्याइतका जीव टाकणाराही कुणी झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. ओळखीच्या माणसांचं त्यांना फारसं अप्रूप नसे. सख्खा मेहुणा फलटणहून आला, तर "बरं आहे ना?" एवढं विचारून ते पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालत. पण एस.टी.तून उतरून इकडंतिकडं बघणारा, कुठं जावं ते न कळलेला एखादा माणूस दिसला, की त्यांचा चेहरा असा उजळे, की बघणाऱ्याला वाटावं, लहानपणी हरवलेला भाऊच सापडला. आम्ही ख्रिस्ती. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हा मी लग्न होऊन नगरहून इंदापूरला आले. मामंजी तोवर शाळामास्तरकीतून निवृत्त झाले होते. माझे यजमान बारामतीला कंपाउंडर, ते शनिवारी यायचे. घर स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. ते मामंजींनी मुद्दाम तिथं घेतलं, अशी सासूबाईंची कायमची तक्रार. "हिरीजवळ मिळत हुतं, तितं न्हाय घ्यायाचं. येनारंजानारं दिसलं पायजेत ना ह्यास्नी!"

आमच्या प्रार्थनामंदिरात पाळकसाहेब महिन्यातून एकदा बारामतीहून येत. बाकीच्या रविवारी उपासना मामंजी चालवत. मंडळी आम्ही मोजून एकोणीस. गीत झालं, वाचन झालं, की मामंजी डोळे मिटत आणि देवाला आठवड्याची हकिकत सांगायला लागत. "हे स्वर्गीय पित्या, मंगळवारी सोलापूरच्या गाडीतून एक चष्मेवाले गृहस्थ उतरले. पांढरी टोपी होती. मी हाक मारेपर्यंत ते तहसील कचेरीकडं वळले. त्यांना कुणी पाणी विचारलं की नाही, ते तुलाच ठाऊक. आमच्या आळसाची क्षमा कर." मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच सांगे, "ते नवे सर्कलसाहेब, मास्तर. ते जेवून आले होते." त्यावर मामंजी डोळे न उघडता म्हणत, "धन्यवाद, प्रभू," आणि पुढच्या प्रवाशाकडं वळत. परक्याला दिलेलं पाणी देवाला पोचतं, यावर त्यांचा असा पक्का विश्वास होता, की टपालावरही माणसं तेवढा ठेवत नाहीत.

घरी जेवताना हीच तऱ्हा. पाहुण्यासमोर ताट वाढलं जाई, वाफा निघत, आणि मामंजी त्याच्या गावाची, गुराढोरांची, लेकीबाळींची नावं घेऊन प्रार्थना करत. नावं ते आधीच विचारून ठेवत. एकदा एक ट्रकड्रायव्हर भुकेनं इतका कावलेला होता, की प्रार्थना चालू असतानाच त्यानं भाकरी संपवली. मामंजींनी एक डोळा उघडला, रिकामं ताट पाहिलं, डोळा परत मिटला आणि पुरवणी जोडली, "आणि प्रभू, याला अजून दोन भाकरी लागतील." अशा वेळी सासूबाई भाकरी आणून टाकत आणि स्वयंपाकघरात परत जाता जाता "आमेन!" असं खणखणीत म्हणत. त्याखेरीज प्रार्थनेला शेवट सापडत नसे.

हे सगळं ऐकायला गोड लागतं. पण त्या पाहुण्यांचं पाणी मी ओढत होते, आणि भाकरी सासूबाई आणि मी थापत होतो. लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात एका शुक्रवारी दुपारपर्यंत तीन पंगती उठल्या. कंबर धरली होती. मी जरा भिंतीला टेकले, तोच दारात एक कल्हईवाला उभा. "मास्तरांनी धाडलंय, बाई." मी म्हटलं, "मास्तर घरी नाहीत," आणि दार लावून घेतलं. खोटं काहीच बोलले नव्हते. मास्तर घरी नव्हतेच, ते स्टँडवर पुढचा माणूस शोधत होते.

त्या रविवारी मामंजींनी डोळे मिटले आणि आवाज नेहमीपेक्षा खाली आणला. "प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीनं शुक्रवारी एका उपाशी माणसाला दारातून परत लावलं. तिचं नाव मी घेत नाही. तू ओळखतोस." देव ओळखत असेलच, पण बाकीच्या सतरा जणांनीही ओळखलं. डोळे मिटलेले असायला हवे होते, तरी सतराच्या सतरा माना माझ्याकडं वळल्या. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चहा समोर ठेवायची आणि निघून यायची. त्यांना वाटलं, सुनेला पश्चात्ताप झालाय.

बुधवारी घरोघरच्या प्रार्थनेची पाळी आमच्याकडं होती. त्या सभेत बायकाही प्रार्थना करत. माझी पाळी आली, तेव्हा आवाज स्वच्छ निघाला. "हे प्रभू, आमच्या घरी परके लोक असेच येऊ देत. ते आल्यावर पाणी कोण ओढतं आणि चुलीपुढं कोण बसतं, हे आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या भावाला दाखव. त्यांचं नाव मी घेत नाही. तू ओळखतोस." सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला, तो रडू म्हणून की हसू म्हणून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग मामंजींचं "आमेन" आलं. सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर घागर जागेवर नाही. मामंजी कोट काढून, धोतर खोचून नगरपालिकेच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या विहिरीवर उभे. गावातल्या बायका रहाट सोडून बघत राहिल्या. "मास्तर, ह्ये काय?" "अभ्यास राहिला होता," मामंजी म्हणाले. तेवढ्यावर थांबतील तर ते मामंजी कसले. दुपारी परातीपुढंही बसले. त्यांची भाकरी कधी गोल झाली नाही. जन्मभर भूगोल शिकवलेला, त्यामुळं तव्यावर टाकताना म्हणायचे, "ही लंका. हे काठेवाड." सासूबाई म्हणायच्या, "ह्ये काठेवाड पाव्हन्याला वाढू नगा, माझ्या ताटात टाका." पण पीठ भिजवणं, लाकडं फोडणं, भांडी घासणं त्यांनी तेव्हा उचललं, ते हात चालले तोवर सोडलं नाही.

आता एक गोष्ट सांगायची, जी मामंजी स्वतः कधी सांगत नसत. त्यांनी बोलावलेली निम्मी माणसं येतच नसत. आमचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. ख्रिस्ती झालो तरी लोकांना ते ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसे, त्याला मामंजी विचारल्याबरोबर सांगून टाकत. मग समोरच्याला एकाएकी आठवे, की आपण मघाच जेवलो. मामंजींनी यावर रागावण्याऐवजी तोड काढली. अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडले, लाकडं ठेवली, आणि ज्याला आमच्या हातचं चालत नसे, त्याला पीठ, डाळ, तेल, मीठ असा कोरडा शिधा देऊ लागले. सासूबाईंचा संताप व्हायचा. "पीठ आपलं, सरपन आपलं, आन् वर जागा सारवून बसत्यात!" मामंजी म्हणायचे, "अगं, भूक तर त्यांची आहे ना."

एकदा बारामतीची गाडी स्टँडवरच बिघडली. सकाळची वेळ, पण ऊन तापलेलं. मामंजी आठ-नऊ माणसं घेऊन आले. त्यात वरकुट्याची एक म्हातारी होती. मोरगावला गणपतीचा नवस फेडायला निघालेली, पदरात नारळ. ती अंगणातच थांबली.

"मास्तर, तुमी कोन?"

"ख्रिस्ती, आक्का."

"त्ये झालं. मूळचं?"

मामंजींनी सांगितलं. म्हातारीनं नारळ पदरात नीट गुंडाळला. "मग मला न्हाय चालायचं बगा. राग मानू नगा."

"राग कशाचा? चूल तयार आहे."

मी तिला विहीर दाखवली, तिनं आपल्या तांब्यानं पाणी आणलं. शिधा घेतला, दगडांपुढं बसली. बाकीची मंडळी आत जेवून ओट्यावर कलंडली, तोवर तिचं पिठलं रटरटत होतं. बाई हाताची सढळ. एकटीपुरतं तिला करताच येईना. चार भाकरी थापून झाल्या आणि तिनं हाक मारली, "मास्तर, तुमी जेवला का?"

"पाहुण्यांचं आधी होऊ दे."

"पाव्हनं जेवून घोरायला लागलं. ताट आना तुमचं. बसा हितं."

मामंजी स्वतःच्याच अंगणात, लिंबाखाली, पाहुणे म्हणून बसले. म्हातारीनं हात वर धरून, शिवाशिव होणार नाही अशा बेतानं भाकरी ताटात सोडली आणि वरून पिठलं ओतलं. सासूबाई दारात दात आवळून उभ्या. मामंजींनी डोळे मिटले. आता अर्धा तास गेला, असं मला वाटलं. पण त्यांच्या तोंडून शब्द निघेना. ओठ हलत होते, नुसते.

"डोळं कशापायी मिटलं? गार हुतंय की," म्हातारी म्हणाली.

मामंजी जेवायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तिखट झालं व्हय?"

"नाही आक्का. बरोबर झालंय."

दुपारी गाडी दुरुस्त झाली. निघताना म्हातारी म्हणाली, "वरकुट्याला या कवातरी. देवळामागं घर हाय." अशी बोलणी लोक चढता-उतरता बोलतात आणि विसरतात. मामंजी विसरले नाहीत. महिन्याभरानं त्यांनी कोट धुवून घेतला, पिशवीत पेरू भरले.

"जाऊ नगा," सासूबाई म्हणाल्या. "रीत म्हनून बोलली ती."

"जन्मात पहिल्यांदा परक्या माणसानं मला बोलावलंय," मामंजी म्हणाले आणि निघाले.

दिवे लागायच्या आत परत आले. ओट्यावर बसून भराभरा सांगायला लागले. म्हातारीनं लगेच ओळखलं. मोरगावचा नवस नीट पार पडला. नवी कालवड झाली आहे, कपाळावर चांद आहे. गोठ्यापाशी गार सावली आहे, तिथं गोणपाट टाकून दिलं. ताक दिलं.

सासूबाईंनी विचारलं, "कशातनं दिलं?"

मामंजींनी पायांतली चप्पल काढून नीट जोडून ठेवली.

"ताक चांगलं होतं," ते म्हणाले. "दोनदा दिलं."

सासूबाई आत गेल्या, पाणी ऊन केलं आणि त्यांच्या पायांवर घातलं.

आता मामंजी नाहीत, सासूबाईही नाहीत. पण त्यानंतरच्या रविवारची प्रार्थना मला अजून शब्दन् शब्द आठवते. त्या म्हातारीसाठी त्यांनी किती मागितलं! तिच्या गुडघ्यांसाठी, थोरल्या सुनेच्या तापासाठी, कालवडीसाठी, गोठ्याशेजारच्या त्या सावलीसाठी. सगळं सगळं त्यांनी देवाच्या कानावर घातलं. मी डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडं बघत होते. ताक कशातून दिलं, तेवढं मात्र त्यांनी देवालाही सांगितलं नाही.