आबांचं वाढणं

धुळ्याला आमच्या शेजारी एक आबा राहत. नको म्हणणाऱ्याच्या ताटात ते दुप्पट वाढत, आणि भरितावर त्यांनी तेलाची धार धरली की ती थांबवणं घरच्यांनाही जमत नसे.

छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांनी मला रक्तातली चरबी तपासायला सांगितली. त्यासाठी उपाशीपोटी जायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी निघालो तर आबा ओट्यावर ताट घेऊन उभे. "रगत देवाले चालना, अन् उपाशी?" भरीत-पुरी खाल्ल्यावरच सुटका झाली.

रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड नावाची चरबी भलतीच वाढलेली. माझे वडील हृदयविकारानं गेलेले. घरी येऊन मी ते आबांना सांगितलं. आबांनी ऐकलं, टोपी घातली आणि माझ्याआधी दवाखान्यात शिरले. "डाक्टरसाहेब, चूक यान्ही नही, मन्ही शे. मीच बळजबरी करी."

डॉक्टर हसले. "खाल्ल्यावर हा आकडा चढतोच. रात्रीपासून काही न खाता पुन्हा रक्त द्या. आणि एकट्या आकड्यावरून हृदयाचं सांगता येत नाही. रक्तदाब, वय, वडिलांचं दुखणं, सगळं मिळून बघतो."

दुसऱ्या खेपेला आबा पहाटेच आमच्या दारात येऊन बसले. बायकोनं आणलेला माझा चहासुद्धा त्यांनी परत पाठवला. या वेळी आकडे सरळ आले. "तेल आवरा, रोज चाला. घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी आबांनी जेवायला बोलावलं. तेलाचं भांडं माझ्या ताटावर आणलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"टाकू का, भाऊ?"

घरातले सगळे जेवायचे थांबून त्यांच्याकडे बघू लागले.